उघडलेली वाट पुन्हा बुजू नये म्हणून



हृदयाची नळी चोंदली, मुंबईला किंवा पुण्याला नेऊन फुगा घालून ती मोकळी केली, आत एक जाळीची स्प्रिंग बसवली, आणि चौथ्या दिवशी माणूस एस.टी.ने घरी आला. अशी हकीकत आता जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते. घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "आता बरं वाटतं ना? आता काही भीती नाही ना?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला पाहावयाचे आहे. फुग्याने मोकळी केलेली नळी काही जणांच्या बाबतीत पुन्हा अरुंद होते. ती का होते, ते थांबवण्यासाठी शास्त्रज्ञांनी थेट जनुकांना हात घालण्याचे धाडस कसे केले, त्यातून काय हाती आले आणि आपण स्वतः त्यातून काय घ्यावयाचे, हे मी सांगणार आहे.

आधी ही नळी कसली ते बघू. शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळीला आपण रोहिणी म्हणतो. धमनी असाही शब्द आहे. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याला बाहेरून वेढणाऱ्या रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्या मुळाशी साधारण तीन ते चार मिलिमीटर रुंद असतात, म्हणजे ज्वारीचा दाणा अडकेल एवढीच ती वाट. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांमुळे तिच्या भिंतीत गाळ साचतो. वाट अरुंद झाली की चढ चढताना छातीत कळ येते. तेथे रक्ताची गुठळी अडकली की हृदयाचा झटका येतो.

ही वाट छाती न उघडता आतूनच मोकळी करता येईल का? १९६४ साली अमेरिकेत ओरेगनमधील चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईच्या पायाच्या रोहिणीत बारीक नळी सरकवून वाट रुंद केली. पाय कापावा लागेल असे सर्वांनी सांगितले होते आणि बाईंनी त्याला नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहरी आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी आपल्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून नळीच्या टोकाला लांबट फुगा जोडण्याची खटपट चालवली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणीत हा फुगा नेऊन फुगवला आणि वाट मोकळी केली. रुग्ण शुद्धीवर होता. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती जागा मोकळीच होती.

हा फुगा हवेने फुगवत नाहीत. त्यात क्ष-किरणांत दिसणारे औषधी पाणी भरतात, म्हणजे फुगा चुकून फुटला तरी रक्तात हवा जात नाही. त्यातला दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या कितीतरी पट असतो. त्या दाबाने गाळ भिंतीत चेपला जातो, भिंत ताणली जाते, आणि जागोजागी चिरतेही. हे चिरणे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तेथूनच सुरू होते.

ग्रुंट्झिग यांचा पहिला रुग्ण भाग्यवान ठरला. पण हजारो लोकांवर ही क्रिया होऊ लागल्यावर दिसून आले की नुसता फुगा घातलेल्या शंभर जणांपैकी तीस-चाळीस जणांची नळी सहा महिन्यांच्या आतच पुन्हा अरुंद होते. माणूस परत छाती धरून दवाखान्यात येतो. पुन्हा खर्च, पुन्हा धास्ती. घरातले म्हणतात, डॉक्टरांनी काम नीट केले नाही. पण यात बहुधा डॉक्टरांचा दोष नसतो. मग कोणाचा असतो?

शेतकरी बांधवांना हे चटकन समजेल. कुदळ हाणून हाताला फोड येतो, फोड बरा होतो, आणि तेथे घट्टा पडतो. बैलाच्या मानेवर जू घासून कातडे जाड होते. शरीराची रीतच अशी, की जेथे जखम झाली तेथे ते भरून काढते, आणि पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त भरते. हातावरच्या घट्ट्याने काही बिघडत नाही. पण तीन मिलिमीटरच्या नळीत आतून घट्टा पडला तर वाटच बुजते.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. अगदी आतला थर एकाच पेशीच्या जाडीचा, तुळतुळीत. रक्त त्यावरून न चिकटता वाहते. मधल्या थरात स्नायूंच्या पेशी असतात. बाहेरचा थर आधाराचा. फुगा फुगला की आतला तुळतुळीत थर खरवडला जातो आणि मधला थर उघडा पडतो. एरवी शांत बसलेल्या स्नायुपेशी जाग्या होतात, आतल्या बाजूला सरकतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढू लागतात. शिवाय ताणलेली भिंत रबरासारखी परत आकसते, आणि जखम भरताना आणखी आत ओढली जाते. आकसणे, ओढले जाणे आणि पेशींची भरमसाट वाढ, अशी तीन कारणे मिळून वाट पुन्हा बुजवतात.

यांतल्या पहिल्या दोन कारणांवर उपाय निघाला तो धातूच्या जाळीचा. तिला स्टेंट म्हणतात. आपल्याकडे कोणी स्प्रिंग म्हणतात, कोणी छल्ला. १९८६ साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे उलरिक सिगवर्ट यांनी ती माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत प्रथम बसवली. विहीर ढासळू नये म्हणून आपण आतून कडे घालतो, तसे हे कडे. भिंत आकसणे थांबले. पण कड्याच्या फटींतून पेशी वाढायच्या त्या वाढतच राहिल्या. तिसरे कारण शिल्लक राहिले, आणि त्यावर तोडगा म्हणून जनुकांचा विचार पुढे आला.

शिक्षक मित्रांनो, वर्गात मुले विचारतील, जनुक म्हणजे काय? असे सांगा की प्रत्येक पेशीत एक मोठी पोथी असते, आणि तिच्यात पेशीने काय काय करावे हे लिहून ठेवलेले असते. पोथीतला एक एक लेखी हुकूम म्हणजे एक एक जनुक. 'वाढ' हा हुकूम आहे, तसाच 'थांब' हाही आहे. आता जखम झालेल्या जागेतल्या पेशींच्या हाती आपण बाहेरून 'थांब' असा हुकूम दिला तर? सगळ्या शरीराला औषध द्यावयास नको. फुगा जेथे फुगला तेवढ्याच दोन-तीन सेंटिमीटर जागी हुकूम पोचवायचा. शिवाय तो जन्मभर टिकण्याचीही गरज नाही. सुरुवातीचे काही आठवडे पेशी शांत राहिल्या की पुष्कळ काम होईल. कल्पना खरोखरच मोहक होती.

पण हुकूम पोचवायचा कोणी? त्यासाठी विषाणू कामाला लावले. सर्दी-पडसे आणणारा एक विषाणू पेशीत शिरण्यात मोठा पटाईत असतो. त्याच्यातला स्वतःची प्रजा वाढवण्याचा भाग काढून टाकला, म्हणजे सापाचे विषारी दात काढावे तसे केले, आणि त्या जागी हवा तो जनुक भरला. दुसरी रीत अशी की जनुक चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळून द्यावयाचा. पहिली रीत जोरकस, पण शरीर विषाणूवर चवताळून उठण्याचा धोका. दुसरी सौम्य, पण तिने फार थोड्या पेशींपर्यंत जनुक पोचतो.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात एलिझाबेथ नेबल आणि गॅरी नेबल या पतिपत्नींनी १९९० साली डुकरांच्या पायाच्या रोहिणीत परका जनुक थेट पोचवून दाखवला. त्यांची युक्ती सोपी होती. एकाच नळीवर दोन फुगे. पाटाला वर आणि खाली मातीचे बंधारे घालावे, तसे दोन्ही फुगे फुगवून मधला रक्ताचा प्रवाह अडवायचा आणि त्या कोंडलेल्या जागेत जनुकाचे द्रावण सोडायचे. भिंतीतल्या पेशींनी तो उचलला आणि त्याप्रमाणे कामही केले.

मग प्रयोगांची रांग लागली. १९९२ साली उंदरांच्या रोहिणीत, पेशींना वाढीस लावणाऱ्या एका जनुकाचे तोंड बंद करणारा उलटा तुकडा वापरला गेला आणि भिंत जाड होणे कमी झाले. १९९४ साली डुकरांवर आणखी एक युक्ती केली. पेशींत असा जनुक घातला की एरवी निरुपद्रवी असलेल्या एका औषधाचे पेशीच्या आतच विष व्हावे, आणि ते विष फक्त दुपटीने वाढू पाहणाऱ्या पेशीलाच बाधावे. स्वस्थ बसलेली पेशी वाचते, हावरी मरते. १९९५ साली पेशीला मारण्याऐवजी थोपवून धरणारा जनुक उंदरांत आणि डुकरांत वापरून पाहिला. काहींनी उलट बाजूने विचार केला. स्नायुपेशींशी भांडण्यापेक्षा आतला तुळतुळीत थरच लवकर का भरून काढू नये? अंगण सारवून झाले की गवत उगवत नाही, तसेच हे. त्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उगवण्यास मदत करणारा एक जनुक निवडला गेला. प्राण्यांत या साऱ्यांची फळे चांगली दिसली, आणि मोठी आशा निर्माण झाली.

आता माणसाची पाळी आली. फिनलंड देशात कुओपिओ येथे सेप्पो युले-हेर्टुआला यांच्या मंडळींनी केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. तो कसा केला ते शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे, कारण खरे-खोटे पारखावयाचे कसे याचा तो नमुना आहे. हृदयाच्या नळीत फुगा घातलेले १०३ रुग्ण होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. ३७ जणांना विषाणूतून जनुक दिला, २८ जणांना चरबीच्या थेंबातून, आणि ३८ जणांना जनुक नसलेले नुसते द्रावण. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. असे का? मनातली आशा निकालात मिसळू नये म्हणून. सहा महिन्यांनी सर्वांच्या नळ्या तपासल्या.

निकाल काय लागला? जनुक देणे त्या रुग्णांत निर्धोक ठरले. विषाणूच्या गटात हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा काहीसा सुधारलेला दिसला. पण नळी पुन्हा अरुंद होण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक पडला नाही. ज्यासाठी खटाटोप केला, ते साधले नाही. प्रयोग करणाऱ्यांनी ते तसेच छापले. हेही शिकण्यासारखे आहे.

अशीच आणखी एक गोष्ट. बायपास शस्त्रक्रियेत पायाची नीला काढून हृदयाला जोडतात. तीही पुढे याच रीतीने आतून जाड होते. ती जोडण्यापूर्वी पेशीवाढीच्या यंत्रणेला फसवणाऱ्या, जनुकद्रव्याच्या एका नकली तुकड्याच्या द्रावणात भिजवावी, अशी कल्पना निघाली. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत चांगली चिन्हे दिसली. मग अमेरिकेत सुमारे तीन हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २००५ साली आला. काहीही फायदा नाही.

प्राण्यांत जमले ते माणसांत का जमले नाही? प्रयोगातल्या उंदराची आणि डुकराची रोहिणी तरुण, निरोगी आणि मऊ असते. माणसाची असते चाळीस-पन्नास वर्षांच्या गाळाने भरलेली, चुना बसून कडक झालेली. मऊ रानात पेरलेले बी आणि कातळावर टाकलेले बी यांत जो फरक, तोच येथे. दुसरे असे की डुकराच्या पायाचे रक्त बराच वेळ अडवून धरता येते. माणसाच्या हृदयाचे रक्त तसे अडवता येत नाही. त्यामुळे जनुक भिंतीत मुरण्याआधीच बराचसा वाहून जातो. तिसरे, विषाणूमुळे भिंतीला सूज येते, आणि सूज तर पेशींच्या वाढीला खतपाणीच घालते.

धोक्याची गोष्टही लपवून चालणार नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे, यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकोपचाराच्या चाचणीत एक १८ वर्षांचा तरुण दगावला. त्याला असाच विषाणू मोठ्या प्रमाणात दिला होता. चार दिवसांत तो गेला. त्याचा आजार हृदयाचा नव्हता, पण या घटनेनंतर साऱ्याच जनुकोपचारांच्या चाचण्यांवर कडक नजर ठेवली जाऊ लागली, आणि ते योग्यच झाले.

याच सुमारास, जे काम जनुकाकडून करून घ्यावयाचे होते ते दुसऱ्याच दाराने साधले. प्रशांत महासागरात ईस्टर नावाचे एक दूरचे बेट आहे. १९६४ साली कॅनडातून एक वैद्यकीय पथक तेथे गेले आणि मातीचे नमुने घेऊन आले. त्या मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. या कामात पुढाकार होता सुरेन सेहगल यांचा. ते अविभक्त हिंदुस्थानात, पंजाबात जन्मलेले. हे द्रव्य आधी बुरशीवर चालेल असे वाटले होते. मग कळले की ते पेशींची वाढ रोखते. मध्यंतरी कंपनीने ते काम सोडून दिले, तेव्हा सेहगल यांनी त्याचा नमुना घरच्या शीतपेटीत जपून ठेवला होता असे सांगतात. १९९९ साली मूत्रपिंडाचे रोपण केलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याचे नाव सिरोलिमस.

हेच औषध स्टेंटच्या तारेवर लेपून पाहिले. ते हळूहळू झिरपते आणि भिंतीतल्या पेशींना सांगते, थांबा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २३८ रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात शंभरांमागे सुमारे २६ जणांची नळी पुन्हा अरुंद झालेली होती. औषधी स्टेंटच्या गटात एकाचीही नव्हती. पुढे लाखो लोकांत वापर झाल्यावर हा आकडा शून्यावर राहिला नाही. तो साधारण शंभरांत पाच ते दहा असा आहे. पण चाळिसावरून पाच-दहावर येणे म्हणजे केवढी मजल! त्यामुळे या कामासाठी जनुकोपचाराची निकड उरली नाही. नळी पुन्हा बुजू नये म्हणून आजही जनुकाचा उपचार रोजच्या वापरात नाही.

मग ते सारे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. नळी का बुजते याचे एवढे बारीक ज्ञान या प्रयोगांनी वाढवले, आणि पेशीला मारण्यापेक्षा थोपवणे बरे हा विचार पक्का झाला. जनुकोपचारही थांबला नाही, तो दुसऱ्या रोगांत फळाला आला. आपल्या मुंबईत आय.आय.टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून, रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत जनुक घालून काही रक्ताच्या कर्करोगांशी लढण्याचा उपचार तयार झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

श्रोतेहो, आता आपल्या घरातले बोलू. ज्यांच्या घरी स्टेंट बसवलेले माणूस आहे, त्यांनी हे कान देऊन ऐकावे.

औषधी स्टेंटचा एक दुसरा पैलू आहे. तो पेशींची वाढ रोखतो, तशी आतला तुळतुळीत थर भरून येण्याची गतीही मंदावतो. तोवर ती जाळी रक्ताला उघडी असते, आणि उघड्या धातूवर गुठळी धरू शकते. पेशींची वाढ महिनोन्‌महिने हळू चालते. गुठळी मात्र काही मिनिटांत नळी बंद करते. म्हणून रक्त न गोठू देणाऱ्या दोन गोळ्या देतात. एक बहुधा ॲस्पिरिन, आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तिच्यासारखी. दुसरी गोळी किती महिने घ्यावयाची हे डॉक्टर ठरवतात, आणि त्यानंतरही एक गोळी पुढे चालूच ठेवावयाची असते.

होते काय, की तीन महिन्यांनी माणसाला बरे वाटू लागते. पेरणीचे दिवस येतात, पैशाची ओढ लागते. तो म्हणतो, "आता दुखत नाही, गोळ्या कशाला?" आणि बंद करतो. किंवा दाढ काढावयाची असते, कोणी सांगते रक्त थांबणार नाही, आठ दिवस गोळ्या सोड. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता असे कधीही करू नका. लाखभर रुपये घालून उघडलेली वाट थोड्या पैशांच्या गोळीवाचून बंद पडते, आणि त्या वेळी दवाखाना गाठायलाही अवसर मिळत नाही. परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना उघडपणे सांगा. स्वस्त पर्याय असतात. लाजून गप्प बसू नका.

दुसरी गोष्ट, तंबाखू. बिडी, मशेरी, गुटखा, सारे सुटले पाहिजे. आतला तुळतुळीत थर जेवढा जपाल तेवढी वाट मोकळी राहील. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, कारण मधुमेही माणसाची नळी पुन्हा अरुंद होण्याचा संभव अधिक असतो. आणि चालताना पहिल्यासारखी कळ पुन्हा येऊ लागली तर ती अंगावर काढू नका.

तिसरी गोष्ट, फसवणूक. "जनुकाचे इंजेक्शन घ्या, नळी आपोआप साफ होईल" असे कोणी सांगू लागला तर कुओपिओचे ते १०३ रुग्ण आठवा. त्याला विचारा, किती जणांवर पाहिले? ज्यांना औषध दिले नाही अशांशी तुलना केली का? कोठे छापले? याची नीट उत्तरे मिळाली नाहीत तर खिशाला हात लावू नका. किमतीच्या बाबतीतही जागरूक राहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्यासाठी ७,२६० रुपये आणि औषधीसाठी २९,६०० रुपये, असे त्या वेळचे आकडे होते. पुढे ते वेळोवेळी बदलत आले आहेत. आपल्या माणसाला कोणता स्टेंट बसवला आणि बिलात त्याची किंमत काय लावली, हे लिहून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो कागद गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर जपून ठेवा.

तेव्हा शेजारी विचारायला आले की "आता काही भीती नाही ना?", तर उत्तर असे द्या: भीती पुष्कळ कमी झाली आहे, पण राखण आपल्याकडे आहे. पाट एकदा खोदून भागत नाही, दरसाल त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हे तुम्हांला मी सांगावयास नको. आज घरी गोळ्यांची पाकिटे तेवढी एकदा मोजून पाहा.